प्रेक्षक कोणाला म्हणावे?

१

'प्रेक्षक' या संकल्पनेवर आपल्याकडे विपुल लेखन झाले आहे. सहृदय कोण, रसिक कोण, रसप्रक्रियेत प्रेक्षकाच्या चित्ताचे नेमके काय होते, यांवर मराठी समीक्षेने दीर्घकाळ वाद घातले आणि त्या वादांतून काही चांगले ग्रंथही निपजले. मात्र हा प्रेक्षक प्रेक्षागृहापर्यंत आला कसा, हे या सर्व चर्चेत सहसा विचारले गेले नाही. समीक्षेच्या ग्रंथात तो नेहमी आलेलाच असतो, आपल्या जागी बसलेलाच असतो आणि त्याला समोरचे सर्व काही दिसत असते. सहृदयाला हृदय असते. पण गुडघे नसतात, चाकाची खुर्ची नसते, पांढरी काठी नसते.

या लेखाचा विषय सकृद्दर्शनी वाङ्मयबाह्य वाटेल. क्रीडांगणावर सामना पाहायला येऊ इच्छिणाऱ्या अपंग प्रेक्षकाला तेथे कसे पोहोचावे, कोणत्या दाराने आत जावे, कोठे बसावे आणि परत कसे यावे, याची जी माहिती दिली जाते, किंवा दिली जात नाही, तिच्याविषयी आम्हाला बोलायचे आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे आणि शिक्षकांपुढे हा विषय मांडण्याचे कारण असे, की ही माहिती म्हणजे एक संहिताच आहे. कोणीतरी ती लिहितो, कोणासाठी तरी लिहितो, आणि लिहिताना 'वाचक' म्हणून एका विशिष्ट शरीराची कल्पना करतो. ज्याची कल्पना केली गेली नाही तो आत येत नाही. म्हणून प्रेक्षक कोण हे सामन्याच्या दिवशी दारावर ठरत नाही. ते आधीच, कागदावर ठरलेले असते. हा कागद लिहिणे हे लेखन आहे, आणि तो वाईट लिहिला जाण्यात भाषेचा व्यवसाय करणाऱ्या आपणा सर्वांचाही वाटा आहे, असे आमचे म्हणणे आहे.

२

नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय प्रेक्षागृहाच्या रचनेविषयी आहे. विकृष्ट, चतुरस्र आणि त्र्यस्र हे तीन आकार आणि ज्येष्ठ, मध्यम व कनिष्ठ ही मापे अभ्यासकांना परिचित आहेत. मर्त्य माणसांसाठी ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद असे मध्यम गृह भरताने योग्य मानले. त्याहून मोठे गृह का नको, याची कारणेही त्याने दिली आहेत: नटाचा आवाज विरून जातो आणि चेहऱ्यावरचे भाव अस्पष्ट होतात. प्रेक्षकांच्या बैठका विटांच्या आणि लाकडाच्या, जिन्याप्रमाणे चढत जाणाऱ्या असाव्यात, म्हणजे रंगपीठ सर्वांना दिसेल, असेही तो सांगतो. आजच्या स्टेडियमचे वास्तुविशारद ज्याला 'साइटलाइन' म्हणतात, त्या दृष्टिरेषेचा विचार येथे स्पष्ट आहे. प्रेक्षकाला नीट दिसले पाहिजे आणि नीट ऐकू आले पाहिजे, ही इमारतीची पहिली अट आहे.

त्याच अध्यायात आणखी एक सूचना आहे, आणि ती आपल्या वर्गांतून फारशी शिकवली जात नाही. प्रेक्षागृहाचा पाया घालण्याच्या वेळी ज्या अनिष्टांना त्या जागेवरून दूर करावे असे सांगितले आहे, त्यांत पाखंड्यांच्या आणि काषाय वस्त्रे नेसणाऱ्यांच्या जोडीला 'विकल' माणसेही आहेत. ही सूचना पाया घालण्याच्या विधीपुरती आहे, प्रयोगापुरती नाही, हे आम्ही जाणतो. प्राचीन ग्रंथकाराला आजच्या कायद्यापुढे उभे करण्याचाही आमचा हेतू नाही. पण या दोन सूचना एकाच अध्यायात याव्यात, यात एक अनुक्रम दिसतो. आधी पाया घालताना विकलाला बाजूला काढायचे, मग ज्यांना पायऱ्या चढता येतात त्यांच्या डोळ्यांचा विचार करून जिन्यासारख्या बैठका बांधायच्या. पुढे कधी तो विकल माणूस दारात आला, की त्याची अडचण ही इमारतीच्या स्वभावाचा भाग वाटू लागते. कोणी त्याला मुद्दाम बाहेर ठेवले असे कोणालाच वाटत नाही. पायाभरणीच्या वेळी झालेली वगळणूक पुढे अशी अदृश्य होते.

३

ज्याला अपंगत्व नाही अशा प्रेक्षकाच्या दृष्टीने सामन्याची माहिती म्हणजे तारीख, वेळ आणि तिकिटाचा दर. उरलेली सगळी अनिश्चितता तो आपल्या शरीराच्या जोरावर निभावून नेतो. चुकीच्या दारापाशी पोहोचला तर वळसा घालून चालत जातो. रांग लांब असली तर तासभर उभा राहतो. लिफ्ट बंद असेल तर चार मजले चढतो. शरीर ही त्याची राखीव गंगाजळी आहे, आणि ती खर्च होते हेही त्याच्या लक्षात येत नाही.

अपंग प्रेक्षकाजवळ ही गंगाजळी नसते. कोणतीही एक अज्ञात गोष्ट त्याचा सगळा प्रवास तेथेच संपवू शकते. दारापाशीच्या तीन पायऱ्या, खुर्ची वळणार नाही असे अरुंद स्वच्छतागृह, वाहन अडवले जाते तेथपासून दारापर्यंतचे खडबडीत अंतर, यांतील एक गोष्ट आधी कळली नाही तरी तिकिटाचे पैसे, दिवस आणि सोबत आलेल्या माणसाची रजा वाया जाते. म्हणून त्याच्या प्रवासाचा पहिला टप्पा घराचा उंबरठा नसून माहितीचा कागद हा असतो.

या पार्श्वभूमीवर, 'दिव्यांग प्रेक्षकांसाठी सर्व सोयी उपलब्ध आहेत', या जातीचे वाक्य वाचून पाहावे. ते कोणत्याही क्रीडांगणाचे, नाट्यगृहाचे किंवा संमेलनाच्या मांडवाचे असू शकते, आणि तोच त्याचा दोष आहे. यात कर्ता नाही, त्यामुळे सोय कोणी केली आणि ती नसल्यास कोणाला विचारायचे, हे कळत नाही. 'सर्व' हे विशेषण मोजणी टाळण्यासाठी आले आहे. 'सोयी' कोणत्या, ते सांगितलेले नाही. 'उपलब्ध' हा शब्द स्थळ आणि वेळ यांच्यावाचून लटकत राहतो. हे वाक्य खोटे ठरूच शकत नाही, कारण ते काही सांगतच नाही. कवितेतील अनेकार्थतेचे आपण कौतुक करतो आणि ते योग्यच आहे. पण प्रवासाच्या माहितीतील संदिग्धता हा कुलूप लावलेला दरवाजा असतो.

याउलट, 'या दारापाशी सात पायऱ्या आहेत, रॅम्प नाही, लिफ्ट नाही. रॅम्प पलीकडच्या दाराला आहे आणि तेथपर्यंतचे अंतर दोनशे मीटर आहे', असे एक वाक्य कल्पावे. आयोजकाच्या प्रतिष्ठेत त्याने भर पडत नाही. पण हे वाक्य वाचून माणूस निर्णय घेऊ शकतो. जावे की न जावे, कोणाला सोबत न्यावे, किती वाजता निघावे, हे ठरवू शकतो. 'लिफ्ट नाही' ही माहिती देणे हीदेखील सेवा आहे. 'सर्व सोयी आहेत' असे म्हणून लिफ्ट नसणे लपवणे ही मात्र फसवणूक आहे, मग तिची भाषा कितीही आदरयुक्त असो.

४

एका शब्दाच्या संदिग्धतेची किंमत किती असते, याचे उदाहरण अमेरिकेतील आहे. तेथे १९९० मध्ये अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला आणि १९९१ मध्ये इमारतींची मानके आली. चाकाच्या खुर्चीवरील प्रेक्षकांना सर्वसामान्य प्रेक्षकांच्या 'तुल्य' दृष्टिरेषा मिळाल्या पाहिजेत, अशा आशयाची अट त्यांत होती. वाचताना अट स्पष्ट वाटते. पण सामन्यात उत्कंठेचा क्षण येतो तेव्हा पुढचे सगळे लोक उभे राहतात, आणि ज्याला उभे राहता येत नाही त्याच्यासमोर पाठींची भिंत उभी राहते. मग 'तुल्य' म्हणजे बसलेल्या माणसांच्या तुल्य, की उभ्या राहिलेल्यांच्याही?

अमेरिकेच्या न्याय विभागाने १९९४ मध्ये दुसरा अर्थ ग्राह्य धरला. वॉशिंग्टन येथे त्या काळी एमसीआय सेंटर नावाचे बंदिस्त क्रीडागृह बांधले जात होते. अपंग झालेल्या माजी सैनिकांच्या संघटनेने त्याच्या मालकांविरुद्ध खटला भरला, आणि १९९७ मध्ये तेथील अपील न्यायालयाने न्याय विभागाचा अर्थ मान्य केला. मात्र प्रत्येक जागेवरून तसे दिसलेच पाहिजे असा आग्रह धरला नाही. १९९९ मध्ये दुसऱ्या एका अपील न्यायालयाने न्यू जर्सीतील एका संगीतगृहाच्या खटल्यात त्याच मानकाचा निराळा अर्थ लावला: उभ्या प्रेक्षकांवरून दिसण्याची हमी त्या शब्दांत नाही. शेवटी २०१० च्या नव्या मानकांनी उभ्या राहणाऱ्या प्रेक्षकांचा स्पष्ट उल्लेख केला, आणि वादाचा पाया निघून गेला.

अर्थनिर्णयनाच्या तासाला याहून चांगला पाठ कोणता मिळेल? एकच शब्द, दोन न्यायालये, दोन अर्थ. आणि त्या दोन अर्थांमध्ये बसलेली, काहीही न दिसणारी माणसे. 'तुल्य' हा शब्द ज्याने लिहिला त्याच्या मनात सर्व प्रेक्षक बसलेले होते. खेळ पाहणारी माणसे उभी राहतात, ही साधी गोष्ट त्याच्या कल्पनेत शिरली नाही. आपल्याकडचे उदाहरण सर्वांच्या स्मरणात असेल. २ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात धोनीने विजयाचा षटकार मारला, तेव्हा सारे मैदान उभे होते. आजवर लक्षावधी वेळा दाखवल्या गेलेल्या त्या चेंडूची झेप, उभे राहू न शकणाऱ्या प्रेक्षकाला पुढच्या गर्दीतून दिसू शकली असेल काय? त्या क्षणाच्या असंख्य वर्णनांत हा प्रश्न आमच्या वाचनात आलेला नाही.

५

इंग्लंडने हा प्रश्न आकड्यांनी सोडवण्याचा प्रयत्न केला. १९८९ मध्ये हिल्सबरो येथील चेंगराचेंगरीने ९७ माणसांचा बळी घेतला. १९९० च्या टेलर अहवालानंतर तेथील मोठी फुटबॉल मैदाने बसण्याच्या जागांची झाली. मैदाने नव्याने बांधली जात असताना त्यांत अपंग प्रेक्षकाची जागा कोठे, हा प्रश्न पुढे आला. २००३ मध्ये 'ॲक्सेसिबल स्टेडिया' ही मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. नव्या मैदानात चाकाच्या खुर्चीसाठी किती जागा हव्यात याचे कोष्टक तीत आहे. २० ते ४० हजारांच्या मैदानात १५० जागा, आणि २० हजारांच्या वरच्या प्रत्येक हजारामागे आणखी ३. ४० हजारांच्या पुढे २१० जागा, आणि वरच्या प्रत्येक हजारामागे २. म्हणजे ६० हजारांच्या मैदानात २५०.

हे आकडे पाळले गेले असे कोणी समजू नये. सप्टेंबर २०१५ मध्ये प्रीमियर लीगच्या क्लबांनी ऑगस्ट २०१७ पर्यंत या मार्गदर्शिकेची पूर्तता करण्याचे वचन दिले, आणि मुदत संपली तेव्हा काही क्लब मागेच होते. जगातील सर्वांत धनाढ्य फुटबॉल स्पर्धेची ही गत. पण कोण मागे राहिले आणि किती जागांनी, हे सांगता आले, ते आकडा लिहिलेला होता म्हणून. जे वाक्य मोडता येते, त्याच वाक्याबद्दल जाब विचारता येतो. 'सर्व सोयी' मोडता येत नाहीत, म्हणून त्यांबद्दल कोणालाही जबाबदार धरता येत नाही.

प्रवासाच्या माहितीची काटेकोरता लंडनच्या भुयारी रेल्वेच्या नकाशात पाहावी. त्यावर चाकाच्या खुर्चीच्या दोन निरनिराळ्या खुणा आहेत. निळ्या वर्तुळातील पांढरी खूण म्हणजे रस्त्यापासून गाडीच्या डब्यापर्यंत पायरीविना जाता येते. पांढऱ्या वर्तुळातील निळी खूण म्हणजे रस्त्यापासून फलाटापर्यंतच तसे जाता येते. पुढे फलाट आणि गाडी यांच्यामध्ये उंची किंवा फट आहे. 'गाडीपर्यंत' आणि 'फलाटापर्यंत' या दोन शब्दांत किती अंतर आहे, हे मुंबईकर वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. आर्सेनल क्लबच्या मैदानाजवळचे, त्याच नावाचे भुयारी स्थानक पायऱ्यांवाचून वापरता येत नाही, आणि नकाशावर त्याच्यापुढे यांपैकी कोणतीही खूण नाही. क्लबाचे नाव धारण करणारे स्थानक त्या क्लबाच्या चाहत्याला उपयोगी पडू नये, ही विसंगती खरीच. परंतु ती लपवलेली नाही. घरी बसून नकाशा पाहणाऱ्याला ती कळते, आणि तो दुसरा मार्ग धरतो.

६

आता आपल्याकडे वळू. भारताने अपंगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००७ मध्ये स्वीकारला. त्याच्या ३०व्या कलमात क्रीडास्थळांवर प्रवेश मिळण्याचा उल्लेख आहे. २०१६ चा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. या कायद्यात 'सार्वजनिक इमारत' या संज्ञेत सरकारी आणि खासगी अशा दोन्ही इमारती येतात. सांस्कृतिक, विरंगुळ्याच्या आणि करमणुकीच्या जागा येतात, आणि रेल्वे स्थानकेही येतात. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांची मुदत कायद्याने दिली. नियम जून २०१७ मध्ये जाहीर झाले. म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली.

येथेही घोटाळा भाषेचाच आहे. कायदा 'करावेच लागेल' म्हणत होता, आणि त्याखाली केलेल्या नियमांतील पंधरावा नियम मार्गदर्शक सूचनांच्या सुरात बोलत होता. ही विसंगती सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्याच्या निकालात दाखवून दिली, तो नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि तीन महिन्यांत बंधनकारक मानके करण्याचा आदेश दिला. मूळ याचिका २००५ ची होती. त्याच निकालात न्यायालयाने एक महत्त्वाचा भेद केला. सुगमता ही आधीच, कोणी मागण्यापूर्वी करून ठेवायची गोष्ट आहे. व्यक्तिगत गरजेनुसार करून द्यायची तजवीज ही त्यानंतरची गोष्ट आहे. पायाभरणीविषयी आम्ही वर जे म्हटले, ते येथे कायद्याच्या भाषेत आले आहे.

या काळात आपल्या सार्वजनिक भाषेने काय केले? तिने नाव बदलले. २७ डिसेंबर २०१५ रोजी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात 'विकलांग' ऐवजी 'दिव्यांग' हा शब्द सुचवला. लवकरच तो केंद्रीय विभागाच्या हिंदी नावात आला, आणि महाराष्ट्राने २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला. हा शब्द वादग्रस्त असल्याची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या संबंधित समितीनेही २०१९ मध्ये घेतली. आपल्या भाषाभ्यासकांनी त्यावर चर्चा केली, आणि चर्चा करणे गैर नव्हे. स्वतंत्र विभाग होणे हेही स्वागतार्हच आहे. पण नामांतराने उंबरठ्याची उंची कमी होत नाही. विकल, विकलांग, दिव्यांग असा शब्दाचा प्रवास झाला; माणसाचा प्रवास मात्र पहिल्या पायरीशी थांबलेला राहिला. आम्ही या लेखात 'अपंग' हा जुना, साधा शब्द वापरला आहे. ज्यांना तो खटकेल त्यांनी आपल्या पसंतीचा शब्द घालून वाचावे. पायऱ्यांची संख्या तेवढीच राहील.

७

या मागणीवर नेहमीचे काही आक्षेप घेतले जातात.

पहिला आक्षेप संख्येचा: असे प्रेक्षक येतात किती? २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्ती आहेत. त्यांतील किती जणांना खेळ पाहायचा आहे हे मैदानात आलेल्यांच्या संख्येवरून काढणे, म्हणजे ज्या गावात शाळा नाही तेथे विद्यार्थी नाहीत म्हणून शाळेची गरज नाही असे म्हणण्यासारखे आहे.

दुसरा आक्षेप सौजन्याचा: आधी फोन करा, आम्ही व्यवस्था करू. हे सौजन्य अनेकदा मनापासून असते. पण ज्या प्रेक्षकाला पायऱ्या चढता येतात त्याला कोणाचे सौजन्य लागत नाही. तो तिकीट काढतो आणि येतो. एकाला हक्क आणि दुसऱ्याला मेहेरबानी, असा हा भेद आहे. शिवाय फोन उचलणारा माणूस बदलतो, रजेवर जातो, त्याला स्वतःलाच ठाऊक नसते. लिहिलेले वाक्य रजेवर जात नाही.

तिसरा आक्षेप वरकरणी प्रेमळ असतो: घरी दूरचित्रवाणीवर जास्त चांगले दिसते, मग एवढा त्रास कशासाठी? हा प्रश्न मैदानावर जाणाऱ्या उरलेल्या तीस हजार लोकांना कोणी विचारत नाही. माणूस मैदानावर चेंडू पाहण्यासाठी जातो, तसा तीस हजारांपैकी एक होण्यासाठीही जातो. आणि अंध माणसाने मैदानावर कशाला जावे, असे ज्यांना वाटते त्यांनी बाळ ज. पंडितांचे स्मरण करावे. मराठी माणसाच्या कैक पिढ्यांनी क्रिकेट आकाशवाणीवर, कानांनीच पाहिले. कानाला समालोचन आणि भोवती गर्दीचा प्रत्यक्ष कल्लोळ, हा अनुभव अपुरा आहे असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

चौथा आक्षेप पैशाचा: जुन्या इमारती पाडून बांधायच्या काय? कायद्याने पाच वर्षे दिली होती, हे उत्तर आहेच. पण क्षणभर तो बाजूला ठेवू. लिफ्ट बसवायला पैसे लागतात. लिफ्ट नाही हे लिहायला लागत नाहीत. दाराची रुंदी मोजायला एक टेप आणि एक दुपार पुरते. माहिती देणे हा सुगमतेचा सर्वांत स्वस्त भाग आहे, आणि तोही होत नसेल तर अडचण पैशाची नव्हे, कल्पनाशक्तीची आहे.

८

ही कल्पनाशक्ती कशी वापरावी, याचे एक उदाहरण घेऊ. वानखेडे मैदान चर्चगेट आणि मरीन लाइन्स या स्थानकांच्या मध्ये, रेल्वेमार्गालगत आहे. २०११ च्या विश्वचषकासाठी त्याची पुनर्रचना झाली आणि आज त्याची क्षमता सुमारे ३३ हजार आहे. चर्चगेट हे अंतिम स्थानक असल्यामुळे फलाटावरून बाहेर पडायला पूल चढावा लागत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रोही तेथपर्यंत येते. अशा मैदानासाठी अपंग प्रेक्षकाला काय कळायला हवे?

चर्चगेटच्या कोणत्या बाजूने बाहेर पडले असता पायरी लागत नाही. तेथून दारापर्यंत किती मीटर, आणि वाटेत पदपथाची कड कोठे उतरती केली आहे. सामन्याच्या दिवशी पोलीस रस्ता कोठे अडवतात, आणि अपंग प्रवाशाच्या टॅक्सीला कोठपर्यंत जाऊ देतात. कोणते दार, किती रुंद. तपासणीच्या ठिकाणी खुर्ची, काठी, कुबडी, औषधे, श्रवणयंत्राची बॅटरी आत नेता येते की नाही. चाकाच्या खुर्चीसाठी जागा किती; इंग्लंडच्या नव्या मैदानांचे कोष्टक लावले तर ३३ हजारांमागे त्या १८९ येतात. सोबतच्या माणसाचे तिकीट कसे मिळते, आणि तो शेजारीच बसू शकतो काय. पुढचे लोक उभे राहिले तर त्या जागेवरून दिसते काय. स्वच्छतागृह किती अंतरावर आहे. कर्णबधिर प्रेक्षकाला धोक्याची सूचना कशी मिळते. आणि सर्वांत शेवटी, जे माहितीपत्रांत हमखास सुटते: सामना संपल्यावर हजारो माणसे एकाच वेळी चर्चगेटकडे निघतात, तेव्हा या माणसाने थांबावे कोठे, आणि निघावे कसे?

अशी माहिती अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. मुंबईच्या उपनगरी स्थानकांवर अपंगांचा राखीव डबा जेथे थांबतो त्या जागी, अंध प्रवाशांना ती ओळखता यावी म्हणून, बीप असा आवाज करणारी यंत्रे बसवण्यात आली. तो आवाज म्हणजे 'डबा येथे थांबतो' हे एक पूर्ण वाक्य आहे. त्यात कोणाचा गौरव नाही, सहानुभूती नाही, दिव्यत्व नाही. स्थळ आहे, आणि वाचक कोण आहे याची अचूक जाण आहे.

साहित्याच्या शिक्षकांना आम्ही शेवटी एवढेच विचारू इच्छितो. आपल्या पदवीच्या अभ्यासक्रमांत 'व्यावहारिक मराठी' शिकवले जाते. विद्यार्थी निवेदन, सूचनाफलक, माहितीपत्रक यांचे ठरावीक नमुने पाठ करतात, 'कृपया नोंद घ्यावी' लिहायला शिकतात, लिफ्टला 'उद्वाहक' म्हणायला शिकतात, आणि उत्तीर्ण होतात. याच विद्यार्थ्यांना एखाद्या वर्षी टेप घेऊन आपल्या शहरातील मैदानावर का पाठवू नये? चाकाची खुर्ची वापरणाऱ्या, पांढरी काठी वापरणाऱ्या सहाध्यायांसोबत त्यांनी स्थानकापासून जागेपर्यंतची वाट चालावी, पायऱ्या मोजाव्यात आणि ती माहिती साध्या मराठीत लिहावी. पहिला मसुदा त्या सहाध्यायांनीच तपासावा, कारण या संहितेचे खरे समीक्षक तेच आहेत. त्यानंतर वर्गात येऊन सहृदय म्हणजे कोण, हा तास घ्यावा. आणि तो वर्ग तिसऱ्या मजल्यावर असेल, लिफ्ट नसेल, तर त्या तासाला कोण गैरहजर आहे आणि का, याची नोंद आधी करावी.